चाकाची चमक आणि घरातला श्वास



१४ एप्रिल जवळ आला की वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीरच्या आपल्या वस्त्यांत मोटारसायकली धुऊन-पुसून तयार होतात. रॅलीत आपली गाडी उठून दिसावी असे पोरांना वाटते. ज्यांच्या आजा-पणजाला गावातून चप्पल घालून चालायची चोरी होती, त्यांचा नातू स्वतःच्या गाडीला निळा झेंडा लावून निघतो. याचा आम्हालाही अभिमान आहे. आमची तक्रार एवढीच, की त्या गाडीचे मॅगव्हील चमकवण्याचे काम राहत्या घरात होते.

मॅगव्हील म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे चाक. त्यावर रंगाचा किंवा लॅकरचा थर असतो. तो काढून खालचा धातू घासला की आरशासारखा चमकतो. थर काढायला पेंट रिमूव्हर, पुसायला थिनर, घासायला पॉलिश पेपर आणि शेवटी रबिंग पॉलिश. गॅरेजवाल्याचे पैसे वाचावेत म्हणून हे सगळे दहा बाय दहाच्या खोलीत, नाहीतर दोन घरांमधल्या बोळीत चालते. तिथेच स्वयंपाक होतो, बाळ रांगते, आजी पडलेली असते. पैसे वाचतात, पण त्याची किंमत घरातले सगळे श्वासातून मोजतात.

अनेक पेंट रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असते. ते सुमारे ४० अंशांना उकळते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा त्याच्याही वर जातो, मग टिनाच्या खोलीत त्याची वाफ किती झपाट्याने होत असेल याचा विचार करा. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचते, म्हणजे रांगणाऱ्या लेकराच्या आणि खाली झोपलेल्या माणसाच्या नाकाशी. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते. जास्त झाली तर शुद्ध हरपते आणि जीवही जातो. अशा मृत्यूंमुळेच अमेरिकेने २०१९ मध्ये हे रिमूव्हर घरगुती वापरासाठी विकायला बंदी घातली.

नर्सिंग केलेल्या माणसांना एक गोष्ट इथे सांगावीच लागेल. शरीरात गेलेल्या मिथिलीन क्लोराइडच्या काही भागाचा कार्बन मोनॉक्साइड होतो. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो, आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावरही काही तास तयार होत राहतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसतो. रक्तात विषारी वायू असूनही आकडा ९८ दाखवू शकतो. म्हणून आकडा पाहून घरी थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट जिल्हा सामान्य रुग्णालयात न्या, आणि डबा सोबत न्या. काय वापरले हे डॉक्टरांना कळले तर उपचार लवकर होतो.

थिनरच्या वाफेला आग लवकर लागते. ती जमिनीवरून सरकत चुलीपर्यंत, गॅसपर्यंत किंवा तथागतांच्या प्रतिमेपुढच्या मेणबत्तीपर्यंत पोहोचते. बोळीत काम करणाऱ्यांनी शेजारचा कूलरही पाहावा. कूलर बाहेरची हवा ओढून आत फेकतो, म्हणजे बोळीतली सगळी वाफ कूलरवाल्याच्या घरात जाते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कोरोनातला मास्क वाफ अडवत नाही.

काही जण संडासाचे अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक सोडा वापरतात. दोन्ही अ‍ॅल्युमिनियमला खातात, त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो आणि कातडी भाजते. काही जण गाडी मेन स्टँडवर चालू करून फिरत्या चाकाला पेपर धरतात. चेनमध्ये बोट गेले तर ते परत येत नाही.

मग चमक नकोच का? हवी, पण मुळात चांगला लॅकर काढूच नका. तो चाकाचे रक्षण करतो. काढला की उघडा धातू काही दिवसांत पुन्हा मंद पडतो आणि तेच काम पुन्हा करावे लागते. साबणपाण्याने धुऊन मेणाचे पॉलिश पुरते; ते डिस्कला मात्र लागू देऊ नका, ब्रेक लागणार नाही. लॅकर पोपडे धरून निघतच असेल, तर उघड्या मैदानात, गाडी बंद ठेवून, पाण्याचा पेपर ओला करून घासा. ओल्या घासण्याने धूळ उडत नाही. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा हवाच. गरोदर बाई, दम्याचा माणूस आणि लेकरे जवळ नकोत.

उरलेले थिनर पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका. लेकराने चुकून प्यायले तर उलटी करवू नका. ते फुप्फुसात उतरले तर धोका वाढतो. तसेच दवाखाना गाठा. अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक अंगावर सांडले तर कपडे काढून किमान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट लावू नका.

आता मुद्दा फक्त रॅलीचा राहिलेला नाही. काही पोरे दुसऱ्यांची चाके घरी आणून मजुरीवर घासतात. कष्टाच्या कमाईत कमीपणा नाही, पण ज्याचे काम आहे त्याने जागा आणि मोजे द्यायला नकोत का? बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती त्यांनी मांडली. कामगाराचे शरीर स्वस्त नाही, हाच त्यामागचा विचार होता. कारखान्यात निरीक्षक येतो, आपल्या खोलीत कोणी येत नाही. तिथे आपणच जागे राहायचे.

म्हणून आम्ही दोन गोष्टी मागतो. दुकानदारांनी रिमूव्हर आणि थिनर बिनलेबलच्या बाटलीत सुटे विकू नये. असे कोणी देत असेल तर घेऊ नका. आणि जयंती मंडळांनी वर्गणीतून मोज्यांचे चार जोड आणि चार चष्मे घ्यावेत, वस्तीबाहेर एक मोकळी जागा ठरवावी आणि चाकाचे काम तिथेच करावे. डीजेच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

सम्यक आजीविकेत दुसऱ्याला इजा नको, तशी स्वतःलाही नको. गाडी चमको, पण घरातला श्वास मोकळा राहो.

जयभीम! नमो बुद्धाय!