निष्ठा वाहनतळावर मोजायची काय?

पिंपरी-चिंचवड, चाकण किंवा नाशिकच्या औद्योगिक पट्ट्यात पहाटेच्या पाळीला निघालेली माणसे पाहावीत. मोटारी घडविणारे बहुसंख्य हात एक तर दुचाकीच्या हँडलवर असतात किंवा कंपनीच्या बसमधल्या दांड्यावर. त्यामुळे ‘मोटार कंपनीतील कर्मचाऱ्याने आपल्याच कंपनीची गाडी वापरली पाहिजे’ असा आग्रह कोणी धरला, तर तो नेमका कोणाला उद्देशून आहे, हे आधी विचारले पाहिजे.

या आग्रहाचे टोकाचे रूप अमेरिकेत दिसले. २००६ मध्ये फोर्ड कंपनीने डिअरबॉर्न येथील ट्रक कारखान्यात फर्मान काढले की, अन्य कंपन्यांची वाहने आणणाऱ्यांनी ती कारखान्याजवळच्या वाहनतळावर न लावता रस्त्यापलीकडे लावावीत. याच कंपनीच्या संस्थापकाने १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर मजुरी देऊ केली होती. कामगार टिकून राहावेत हा त्यामागचा रोकडा हिशेब होता. परंतु त्या मजुरीमुळे मोटार कामगाराच्या आवाक्यात येऊ लागली. संस्थापकाने मजुरीने जे साधले, ते वारसांना फर्मानाने साधायचे होते!

स्वदेशीचा विचार मानणाऱ्यांना हा प्रश्न केवळ शिस्तीचा वाटता कामा नये. १९३० मध्ये मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकसमोर प्राण देणारा बाबू गेनू हा गिरणी कामगारच होता. त्याला कोणा गिरणीमालकाने आदेश दिला नव्हता. भारतीय कंपनीत काम करणाऱ्या अधिकाऱ्याने आणि अभियंत्याने आपल्याच कारखान्याची गाडी घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण ते त्याच्या मनातून यावे. शिवाय त्याचा एक व्यावहारिक लाभही आहे. १९९८ च्या डिसेंबरमध्ये टाटांची इंडिका बाजारात आली, तेव्हा भारतीय बनावटीची मोटार म्हणून तिचे कौतुक झाले, तशा सुरुवातीच्या गाड्यांविषयी तक्रारीही आल्या. त्या मनावर घेऊन २००१ मध्ये सुधारित व्ही-२ आणली गेली आणि इंडिकाने बाजारात पाय रोवले. गाडीचा खडखडाट ग्राहकाच्या आधी तिच्या निर्मात्याच्या कानी पडायचा असेल, तर निर्मात्याने ती रोज खड्ड्यांतून चालवली पाहिजे. आणि एखादा अभियंता स्वतःच्या कंपनीची गाडी टाळत असेल, तर व्यवस्थापनाने त्याच्यावर डोळे वटारण्यापेक्षा त्याला कारण विचारावे. त्याच्या उत्तरात जे सापडेल, ते महागड्या सल्लागारांच्या अहवालात सापडणार नाही.

मात्र निष्ठा एकतर्फी नसते. तळेगावचे उदाहरण फार जुने नाही. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातील विक्री गुंडाळली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या कारखान्यातील उत्पादनही थांबवले. तेथे राबणाऱ्या कोणा कामगाराने निष्ठेपोटी शेवरोलेट घेतली असेल, तर गाडी दारात राहिली आणि कंपनी समुद्रापार गेली. फोर्डनेही २०२१ मध्ये भारतातील मोटार उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. गुजरातमधील साणंदचा तिचा कारखाना जानेवारी २०२३ मध्ये टाटांकडे आला, तेव्हा काल फोर्डसाठी राबलेले हात टाटांच्या गाड्यांकडे वळले. या हातांनी निष्ठा वाहायची ती कोणत्या बोधचिन्हाला? ज्याची मुळे या मातीत आहेत, त्यालाच ती मागण्याचा थोडाफार अधिकार पोहोचतो. आणि तोही कामगाराला भागीदार मानले तरच. दत्तोपंत ठेंगडींनी उद्योगाच्या श्रमिकीकरणाचा विचार मांडला, तो याच अर्थाने.

आज अनेक कारखान्यांत खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहणारा तरुण कंत्राटी असतो. त्याच्या ओळखपत्रावर ठेकेदाराचे नाव असते आणि पुढच्या खंडेनवमीला तो त्याच यंत्रापाशी असेल, याची शाश्वती नसते. त्याच्यापुढे ‘आपली कंपनी, आपली गाडी’ या घोषणेला अर्थ काय? गाडी खरेदीवरील सवलत आणि कर्जाची सोय कायम कर्मचाऱ्यांपुरती न ठेवता अशा कामगारांपर्यंत नेणे भारतीय कंपन्यांना अशक्य नाही. येत्या दसऱ्यापासून एखाद्या कंपनीने तरी तशी सुरुवात करावी. वाहनतळावर कोणाची गाडी कुठे उभी आहे, ते त्यानंतर पाहता येईल.