धुराची उसनी चव

मराठी मध्यमवर्गाने सिंगल माल्टचा परिचय करून घेतला, यात गैर काहीच नाही. गैर आहे ती तिच्यासोबत आयात झालेली भाषा. चार मित्र लफ्रॉइग किंवा लागावुलिनची बाटली उघडतात, ग्लास नाकाशी नेतात आणि त्यांतील एक गंभीरपणे 'हेदर', 'समुद्री शेवाळ', 'जुने चामडे' असे उच्चारतो. हेदरचे झुडूप त्याने जन्मात पाहिलेले नसते. बाकीचे माना डोलावतात. हा आस्वाद नव्हे, खोक्यावरील मजकुराचे पाठांतर आहे. साहित्याच्या वर्गात हेच चालते तेव्हा आपण त्याला गाइड म्हणतो आणि नाके मुरडतो.

आयला बेटावरचा हा धूर मुळात काय आहे? पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा आणि झुडपांचा थर. तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. झाडे विरळ आणि कोळसा बाहेरून आणावा लागे, अशा बेटावर हेच जळण होते. मोड आणलेले जव त्यावर वाळवले जात आणि धूर दाण्यात शिरे. मुख्य भूमीवर, स्पेसाइड भागात, एकोणिसाव्या शतकात रेल्वेबरोबर कोळसा पोचला, तसा तिथल्या व्हिस्कीतला धूर ओसरला. म्हणजे ही चव कोणा रसिकाने योजलेली नाही, ती टंचाईची खूण आहे. पुढे तीच प्रतिष्ठेची झाली. आता ती पीपीएममध्ये मोजतात. आर्डबेगचा आकडा सुमारे ५५ सांगितला जातो. तो वाळवलेल्या जवाचा असतो, पेल्यातल्या द्रवाचा नव्हे, हे ध्यानात न घेताच आपल्या बैठकींत तो गुणपत्रिकेसारखा फिरतो.

आक्षेप असा येईल की ही तांत्रिक परिभाषा आहे आणि जगभर तीच चालते. ठीक, तांत्रिकच बोलू. या वासामागे ग्वायकॉल, क्रेसॉल अशी फिनॉल वर्गातील संयुगे आहेत आणि लाकूड जळतानाही याच कुळातील संयुगे निघतात. तेव्हा आपल्या नाकाला चूल, हुरड्याची आगटी, निखाऱ्यावरचे वांगे किंवा इस्पितळातले फिनेल आठवले, तर त्यात गावंढळपणा नाही. रसायनशास्त्रही आपल्याच बाजूने आहे. भरतमुनींनी नाट्यातला रस समजावताना व्यंजनांनी संस्कारलेल्या अन्नाचा दृष्टान्त दिला. साहित्यविचाराचा मध्यवर्ती शब्दच ज्या परंपरेने जिभेवरून घेतला, तिच्या वारसांना चव सांगायला भाषांतर लागावे?

अर्थात 'आमची चूल थोर' अशी अस्मिता मिरवावी, असेही आम्हांला म्हणायचे नाही. ज्या बायकांनी आयुष्यभर चुलीचा धूर छातीत घेतला, त्यांना त्यात कसलीही 'नोट' सापडली नाही. धूर चवीने घेणे ही धुरातून सुटलेल्यांची चैन आहे. उसना शब्द नेमकी हीच गोष्ट झाकतो. 'हेदर' म्हटल्याने कोणाचीच आठवण होत नाही. 'चूल' म्हटले की आईचे लाल झालेले डोळे आठवतात आणि बैठक जरा अवघडते. ती अवघडावी. आस्वादात स्मृती येते तेव्हा तिच्यासोबत वर्गही येतो, जातही येते. मोहाच्या फुलांवर मुंबई इलाख्यात १८९२ साली कायद्याने निर्बंध आले. ती दारू गाळणाऱ्यांच्या वाट्याला गुन्हेगारीचा शिक्का आला, त्यांच्या चवीचा शब्दकोश मात्र कोणी केला नाही. परक्या बेटावरच्या गरिबांचे जळण आपण अदबीने हुंगतो, आणि आपल्या डोंगरातल्या दारूला एकच विशेषण पुरते : 'गावठी'.

म्हणून मागणी साधी आहे. बाटली कुठलीही असो, खोका बाजूला ठेवावा आणि पहिल्या घोटानंतर प्रत्येकाने स्वतःचा एक शब्द सांगावा. तो चुकीचा असला तर मित्र भांडतील, आणि त्या भांडणातून काही नेमके हाती लागेल. पाठ केलेल्या शब्दाशी भांडताही येत नाही.