श्यामच्या आईशेजारी पेद्रोची आई

वर्गातल्या मुलांना ‘श्यामची आई’ दाखवावा याबद्दल पालकांमध्ये दुमत नाही. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, आणि वनमालाबाईंना पाहून अजूनही घसा दाटून येतो. आमचे म्हणणे एवढेच, की १४ वर्षांपुढच्या मुलांना त्याच्या जोडीने आणखी एक कृष्णधवल चित्रपट दाखवावा. लुईस बुन्युएल यांचा, १९५० चा, स्पॅनिश भाषेतला ‘लोस ओल्विदादोस’, म्हणजे ‘विसरलेले’.

मेक्सिको शहराच्या गरीब वस्तीतली ही गोष्ट. सुधारगृहातून पळालेला हायबो एका मुलाचा खून करतो आणि छोटा पेद्रो ते पाहतो. पेद्रोला चांगले वागायचे आहे. त्याहूनही त्याला आईची माया हवी आहे. पण चार पोरांची पोटे भरताना पिचलेली आई त्याला जेवायलाही वाढत नाही. मग त्याला स्वप्न पडते. स्वप्नात आई हसत मांसाचा तुकडा घेऊन येते आणि पलंगाखालून हायबोचा हात तो हिसकावून घेतो. शेतीशाळेचे प्रमुख पेद्रोच्या हातावर ५० पेसो ठेवून त्याला एकटा बाहेर पाठवतात, तेव्हा आम्हांला वाटले, आता पोरगा सावरला. तेही पैसे हायबो हिसकावतो. शेवट इथे सांगत नाही. तो फार कठोर आहे.

श्यामची आई गरिबीत अधिक मोठी होते. पेद्रोच्या आईला गरिबी आटवून टाकते. दोन्ही खरे आहे. पण आपल्या मुलांना फक्त पहिलेच दाखवले तर गरीब माणूस म्हणजे सोशिक आणि सज्जन, असा त्यांचा समज होतो. मग सुट्टीत पुण्या-मुंबईच्या सिग्नलवर काच ठोठावणारा, शिवी देणारा मुलगा दिसला की ती तोंड फिरवतात. (मोठेही फिरवतात, म्हणा.)

‘मुलांना इतके भयंकर कशाला?’ असे काही पालक म्हणतील. मेक्सिकोतही लोक खवळले होते. देशाची बदनामी झाली म्हणून चित्रपट थोड्याच दिवसांत उतरवावा लागला. १९५१ मध्ये कान महोत्सवात बुन्युएल यांना दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले, तेव्हा सूर बदलला. तिथे त्यांची बाजू हिरिरीने मांडणारे कवी ओक्तावियो पाझ पुढे मेक्सिकोचे राजदूत म्हणून दिल्लीत होते. २००३ मध्ये युनेस्कोने हा चित्रपट ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत घेतला. गंमत म्हणजे याचा एक गोड शेवटही चित्रित केलेला होता. तो वापरला नाही, हे आमच्या मते फार बरे झाले.

भाषेची अडचण नाही. हॉलंडमध्ये मोठ्यांचे परदेशी चित्रपट मूळ भाषेतच दाखवतात, त्यामुळे खालच्या पाट्या वाचत पाहण्याची आपल्या मुलांना सवय आहे. नंतरची चर्चा मात्र मराठीतच व्हावी. ‘भूक’ हा शब्द आमच्या घरी ‘आज जेवायला काय?’ एवढ्यापुरताच वापरला जातो. त्याला आणखी अर्थ आहेत.

चित्रपट सुमारे ८० मिनिटांचा आहे. प्रोजेक्टर आम्ही आणू. पालकांनी त्या वेळात बाजारहाट उरकायला न जाता मुलांशेजारी बसावे, ही विनंती.