कुलूप कशाला? माणूस ठेवा!

मे महिना जवळ आला की भिलाईतल्या मराठी घरांत लगबग सुरू होते. कुणाच्या भाचीचं नागपूरला लग्न, कुणाला पुण्यात मुलाकडे महिनाभर राहायचंय, तर कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी थेट अमेरिकेला निघालेलं. तिकिटं निघतात, बॅगा भरल्या जातात, तुळशीला पाणी घालायला शेजारणीला सांगून होतं. आणि निघायच्या आदल्या रात्री प्रश्न उभा राहतो, घराचं काय?

हा प्रश्न उगाच पडत नाही. इथल्या हिंदी वर्तमानपत्रांत ‘सूने मकान में चोरी’ हा मथळा इतक्यांदा येतो की वाचणाऱ्याला त्याचं नवलही वाटेनासं झालंय. आणि चोर नाही आला, तरी बंद घराला शत्रू काय कमी असतात? पावसाळ्यात भिंतीला ओल, दाराच्या चौकटीला वाळवी, इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी आटलेलं, कुंड्यांतली झाडं वाळलेली... चार महिन्यांनी कुलूप उघडावं, तर पुढे दुरुस्तीची भलीमोठी यादी!

इकडे रिकामी घरं, तिकडे खोलीचा शोध

भिलाईत हा प्रश्न वाढतोय, त्याला कारण आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ मध्ये इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातून माणसं या पोलादनगरीत आली. गोंदिया, भंडारा, नागपूरकडची मराठी कुटुंबंही त्यात होती. नोकरी संपत आली तशी यातल्या अनेकांनी नेहरूनगर, स्मृतीनगर, रिसाली अशा भागांत स्वतःची घरं बांधली. मुलं शिकली आणि पुणे, बंगळुरू, हैदराबादला गेली. मागे राहिले आईवडील आणि तीन बेडरूमचं घर. आता आईवडीलही वर्षातले काही महिने मुलांकडे असतात. तेवढे महिने घराला कुलूप.

याच शहराची दुसरी बाजू पाहा. दुर्गचं बीआयटी १९८६ पासून आहे, भिलाईची आयआयटी २०१६ मध्ये सुरू झाली. शिवाय कोचिंग क्लासेस, सेक्टर ९ चं मोठं रुग्णालय. शिकायला, नोकरीला, प्रशिक्षणाला मुलंमुली इथे येतात आणि परवडणारी, सुरक्षित खोली शोधत फिरतात. एकाला घरात माणूस हवा, दुसऱ्याला डोक्यावर छप्पर हवं. मग गाठ का पडू नये?

परदेशात याला हाऊस सिटिंग म्हणतात. घरमालक बाहेरगावी गेला की दुसऱ्याने त्याच्या घरात राहायचं. भाडं द्यायचं नाही आणि पगारही घ्यायचा नाही. बदल्यात घर झाडूनपुसून ठेवायचं, झाडांना पाणी द्यायचं, कुत्रा-मांजर सांभाळायचं. ब्रिटनमध्ये २०१० साली सुरू झालेली ‘ट्रस्टेड हाऊससिटर्स’ ही कंपनी अशा गाठी घालून देते. सभासद तिला वर्गणी भरतात.

तसं पाहिलं तर आपल्याला यात नवीन काय आहे? घरातली मोठी माणसं गावाला गेली की ओळखीचा मुलगा ‘सोबतीला झोपायला’ बोलावणं ही जुनी मराठी रीत. कोकणात चाकरमानी मुंबईला गेल्यावर त्यांचं घर राखायला माणूस असायचाच. फरक एवढाच की तेव्हा दोन्ही घरं एकमेकांना तीन पिढ्या ओळखत असत. आज ती ओळख नाही. म्हणून कागद हवा.

‘बळकावलं तर?’

खरी भीती हीच. ‘फुकट ठेवलं आणि उद्या निघालाच नाही तर?’ या एका भीतीपोटी कितीतरी घरं बंद राहतात. म्हणून कायदा काय सांगतो, ते आधी समजून घेऊ.

पहिला गैरसमज बारा वर्षांचा. बारा वर्षं राहिला की घर त्याचं, असं सर्रास बोललं जातं. पण मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याला नुसतं राहिल्यामुळे घरावर हक्क मिळत नाही. गोव्यातल्या एका घराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे अगदी स्पष्ट केलं. काळजीवाहू, पहारेकरी किंवा नोकर कितीही वर्षं राहिला, तरी त्या जागेत त्याचा हक्क निर्माण होत नाही आणि मालकाने मागितल्यावर त्याला जागा सोडावी लागते. गंमत म्हणजे त्या दाव्यात घर बहिणीचं होतं आणि काळजीवाहू होता सख्खा भाऊ!

दुसरी गोष्ट मात्र सावध करणारी. भाडं घेतलं नाही म्हणजे भाडेकरू नाही, असं समजून निर्धास्त राहू नये. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ नुसार घराच्या वापराचा मोबदला पैशातच असावा लागतो असं नाही. सेवाही मोबदला ठरू शकते. त्यामुळे ‘घर तुझ्या ताब्यात, बदल्यात तू देखभाल कर’ असं मोघम ठरलं, तर उद्या कुणी त्यालाच भाडेपट्टा म्हणू शकेल. म्हणून कागदावर स्पष्ट लिहावं की ही फक्त राहण्याची परवानगी आहे, घराचा ताबा मालकाकडेच आहे. अशी परवानगी, म्हणजे लायसन्स, काय असते ते १८८२ च्याच इझमेंट्स कायद्याच्या कलम ५२ मध्ये सांगितलं आहे. ठरावीक मुदतीची परवानगी मुदत सरली की आपोआप संपते.

याच कायद्याच्या कलम ६० मध्ये आणखी एक मेख आहे. परवानगीने राहणाऱ्याने तिच्या आधारावर स्वखर्चाने पक्कं बांधकाम केलं असेल, तर मालकाला ती परवानगी मागे घेणं अवघड होतं. तेव्हा ‘काका, मागे एक शेड टाकून घेतो, पैसे मी घालतो’ असा प्रेमळ प्रस्ताव आला तरी नम्रपणे नाही म्हणावं. दुरुस्ती मालकाने स्वतःच्या पैशाने करायची.

नुसता कागद करून भागत नाही, वागणंही त्याला धरून हवं. वीजबिल मालकाच्याच नावावर असू द्यावं. एक खोली मालकाच्या सामानासह कुलूपबंद ठेवावी. किल्ल्यांचा एक जोड मालकाकडे राहावा.

क्वार्टर असेल तर थांबा!

भिलाईकरांनी इथे विशेष जपायला हवं. स्वतःच्या मालकीचं घर वेगळं आणि कंपनीचं क्वार्टर वेगळं. क्वार्टर कर्मचाऱ्याला राहायला दिलेलं असतं, ते त्याचं नसतं. तिथे बाहेरच्या माणसाला ठेवलं तर ‘फुकट राहतोय’ हा बचाव उपयोगी पडेलच असं नाही. पोटभाडेकरू ठेवल्याचा संशय येऊ शकतो आणि क्वार्टरवरच गदा येऊ शकते. लीजवर किंवा निवृत्तीनंतर लायसन्सवर घेतलेल्या घरालाही करारातल्या अटी असतात. आधी त्या वाचाव्यात, शंका असेल तर कारखान्याच्या नगर सेवा विभागात विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. सोसायटीतला फ्लॅट असेल तर सोसायटीचे नियम पाहावेत.

सुरुवात तीन दिवसांपासून

अनोळखी माणसाला एकदम चार महिन्यांसाठी घर देऊ नये, आणि अनोळखी घरात एकदम चार महिने राहायलाही जाऊ नये. आधी कुणाच्या लग्नाचे तीन दिवस, मग दिवाळीचे दहा, मग उन्हाळ्याचा महिना. प्रत्येक वेळी घर नीट मिळालं, वागणूक नीट मिळाली, की विश्वास आपोआप वाढतो. परदेशातले नवखे हाऊस सिटरही असंच करतात. पहिली दोन-तीन घरं ओळखीतली, जवळची आणि थोड्या दिवसांची घेतात. त्या घरमालकांनी लिहून दिलेले चार चांगले शब्द हीच पुढे त्यांची पुंजी होते.

ओळख काढायची कुठे? आपलं मंडळ, कॉलेजातले शिक्षक, ऑफिसातले सहकारी, नात्यातलं कुणी. ‘गोंदियाच्या आमच्या मावशींच्या शेजारची मुलगी’ ही शिफारस जाहिरातीपेक्षा कितीतरी बरी. तरीही प्रत्यक्ष भेटावं. विद्यार्थी असेल तर त्याच्या आईवडिलांशी बोलावं, कॉलेजचं ओळखपत्र पाहावं, आधारची प्रत घ्यावी. (फक्त शेवटचे चार अंक दिसणारी आधारची प्रतही काढता येते.) पोलीस ठाण्यात लेखी माहिती द्यावी आणि पोहोच घ्यावी. प्रामाणिक माणसाला याचा राग येत नाही.

मुलीला पाठवणाऱ्या आईवडिलांनीही तितकंच चौकस असावं. दुसरी किल्ली कुणाकडे आहे? तो माणूस न सांगता घरात येणार नाही ना? दाराला आतून भक्कम कडी आहे का? कॅमेरे असतील तर नेमके कुठे? अंगणात आणि दारावर कॅमेरा असणं समजू शकतं; झोपायच्या खोलीत तो नकोच. मालकाचे नातेवाईक अचानक मुक्कामाला आले तर काय? हे प्रश्न विचारायला संकोच कसला!

एका पानाचा कागद

या कागदात काय असावं? दोघांची नावं आणि पत्ते. येण्याची तारीख आणि जाण्याची तारीख. भाडं आणि अनामत नाही, हे स्पष्ट. कोणत्या खोल्या वापरायच्या, कोणत्या नाहीत. कामं कोणती: झाडांना पाणी, आठवड्यातून एकदा सगळ्या खोल्या उघडून हवा देणं, पत्रं आणि कुरिअर घेणं, कामवालीला दार उघडणं. वीजबिल कोण भरणार? भिलाईच्या उन्हाळ्यात रात्रभर कूलर चालतो, तेव्हा हे आधीच ठरलेलं बरं. निघताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढावा.

बोलायला अवघड वाटणाऱ्या गोष्टीही लिहाव्यात. स्वयंपाकघरात मांस-मासे शिजवलेले चालतील का? देवापुढे रोज दिवा लावायचा का? मित्रमैत्रिणी मुक्कामाला येऊ शकतात का? राहणाऱ्याला एक-दोन रात्री बाहेर जायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं? मालक लवकर परतला तर खोली सोडायला किती दिवस मिळणार? हा शेवटचा मुद्दा विद्यार्थ्यासाठी फार मोलाचा. परीक्षेच्या आदल्या दिवशी सामान उचलायची वेळ कुणावर येऊ नये. किमान पंधरा दिवसांची सूचना, असं ठरवता येतं.

खाली दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. मुक्काम लांबणार असेल तर वकिलाकडून मसुदा तपासून घ्यावा. छत्तीसगढमध्ये भाड्याच्या घरांसाठी २०११ चा कायदा आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवावा लागतो. नागपूर-पुण्यात घर असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दागिने, ठेवींच्या पावत्या, घराची मूळ कागदपत्रं बँकेच्या लॉकरमध्ये. हा अविश्वास नव्हे. उलट राहणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं कमी होतं. दोघांनी मिळून घरभर फिरून मोबाइलवर चित्रण करून ठेवावं. मेन स्विच, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह, गॅसचा रेग्युलेटर दाखवावा. प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि शेजाऱ्यांचे नंबर फ्रिजवर चिकटवावेत. आपत्काळासाठी ११२, गॅसगळतीसाठी १९०६. घराचा विमा असेल तर पॉलिसी पाहावी. सलग काही दिवस घर रिकामं राहिलं तर चोरीची भरपाई मिळणार नाही, अशी अट काही पॉलिसींत असते.

फुकट म्हणजे किती फुकट?

राहणाऱ्यानेही हिशेब नीट मांडावा. भाडं वाचतं हे खरं, पण रात्री घरी परतणं बंधनकारक होतं. कुत्रा असेल तर सकाळ-संध्याकाळ फिरवणं आलं. रोज चार-चार तासांचं काम सांगितलं जात असेल, तर ती बिनपगारी नोकरी झाली. शिवाय पत्ता कायमचा नसतो. मालक परतले की दुसरी जागा शोधायची. म्हणून महिनाभराच्या भाड्याइतके पैसे नेहमी बाजूला ठेवावेत.

परदेशात मुलांकडे गेल्यावर असे मुक्काम करू पाहणाऱ्यांनी तर व्हिसाचे नियम आधी तपासावेत. २०२२ मध्ये एका ऑस्ट्रेलियन महिलेला लॉस एंजेलिसच्या विमानतळावर प्रवेश नाकारण्यात आला. मांजर सांभाळण्याच्या बदल्यात फुकट राहणं हे अमेरिकेच्या अधिकाऱ्यांच्या लेखी काम ठरलं, आणि कामाचा परवाना तिच्याकडे नव्हता.

एवढी काळजी घेतली की व्यवहार दोघांच्याही भल्याचा. परतणाऱ्या काकाकाकूंना हवेशीर घर आणि जिवंत तुळस मिळते, शिकणाऱ्या मुलीला शांत खोली आणि चार महिन्यांचं भाडं वाचल्याचा दिलासा. बहुतेक वेळा आणखीही काही मिळतं. पुढच्या वेळी गावाहून येताना तिची आई काकूंसाठी लोणच्याची बरणी पाठवते. पण बरणी आली, तरी पुढच्या मुक्कामाचा कागद नवा करायचा, नव्या तारखा घालून आणि नव्या सह्या घेऊन!