घंटेनंतरचा छळ

शाळेची घंटा झाली की चिडवाचिडवी थांबे आणि घराचा उंबरठा ओलांडला की मूल निर्धास्त होई, हा आमच्या पिढीचा अनुभव. आज वर्गातील कुचेष्टा मोबाइलच्या वाटेने थेट उशाशी येते. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एखाद्याचे विद्रूप केलेले छायाचित्र फिरते, सारा वर्ग हसतो आणि एक मूल रात्रभर जागते. हसणाऱ्यांत त्याचे मित्रही असतात, हे शल्य अधिक बोचरे!

यावर बंदीचा उपाय सुचविला जातो. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. परंतु व्हॉट्सअ‍ॅप त्या मनाईतून वगळले गेले. म्हणजे वर्गाचा गट तेथेही शाबूत!

कायदा जेथे पोचत नाही तेथे पालकांनी आणि शिक्षकांनी पोचले पाहिजे. पण घडते काय? मुलाने तक्रार केली की आपण प्रथम त्याचाच मोबाइल काढून घेतो. छळ सोसणाऱ्यालाच शिक्षा! मग ते दुसऱ्यांदा तोंड उघडेल कशाला? शाळा तर 'हे आवाराबाहेर घडले' म्हणून हात झटकते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मानसिक छळास मनाई केली आहे. ती मनाई शाळेच्या फाटकापाशी संपते असे मानणे ही निव्वळ पळवाट होय.

पालकांना आमचे सांगणे एवढेच: आधी ऐकून घ्या, मजकूर पुरावा म्हणून जपा आणि शाळेकडे जाब मागा. तेथे दाद न लागल्यास १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक आहे. मोबाइल हिरावणे सोपे आहे. मुलाचा गमावलेला विश्वास परत मिळविणे सोपे नाही.