गाल्ट्यूरची चिठ्ठी आणि आपली कुटकी



आपल्या परिषदांमधून एक तक्रार वरचेवर कानी येते. कुटकी पूर्वीसारखी मिळत नाही, जटामांसीत भेसळ असते, अतिविषेचा भाव परवडत नाही. तक्रार खरी आहे. परंतु तिचा रोख नेहमी व्यापाऱ्याकडे किंवा शासनाकडे असतो, आपल्या स्वतःकडे तो क्वचितच वळतो. ऑस्ट्रियाच्या आल्प्स पर्वतातील एका खेड्यात स्नेह्यांकडे काही दिवस राहण्याचा योग आम्हांस सप्टेंबर महिन्यात आला. तेथे जे पाहिले त्यावरून हा प्रश्न निराळ्या बाजूने मांडावासा वाटतो.

टिरोल प्रांतातील पात्सनाउन खोऱ्याच्या वरच्या टोकाला, समुद्रसपाटीपासून सुमारे १५८४ मीटर उंचीवर गाल्ट्यूर हे गाव आहे. लांडेक येथे आगगाडीतून उतरून पुढे बसने खोरे चढत जावे लागते. गावाच्या मध्यभागी चर्च, भोवती घरे व गोठे आणि हिवाळ्याच्या वैरणीसाठी राखलेली कुरणे. आमचे यजमान दाम्पत्य काही वर्षांपूर्वी पंचकर्मासाठी आमच्या चिकित्सालयात राहून गेलेले. तेव्हापासूनचा हा घरोबा. २३ फेब्रुवारी १९९९ रोजी या गावावर हिमस्खलन होऊन ३१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर उभारलेल्या संरक्षक भिंतीशी जोडूनच आल्पिनारियम नावाचे संग्रहालय बांधलेले आहे. डोंगराची मर्यादा ओळखून राहणे म्हणजे काय, हे येथील लोकांना शिकवावे लागत नाही.

या गावाची ओळख असलेले एक औषधी मूळ आहे. ठिपकेदार जेन्शियन, शास्त्रीय नाव जेन्शियाना पंक्टाटा. आपले किराततिक्त आणि त्रायमाणा म्हणून ओळखली जाणारी जेन्शियाना कुरू यांचेच हे कुल. गावकरी मुळे स्वच्छ करून बारीक चिरतात, पाण्यात घालून त्यांचे संधान करतात आणि मग ऊर्ध्वपातनाने मद्यार्क काढतात. जड जेवणानंतर पोट भरल्यासारखे वाटले की घरोघरी त्याचा घोटभर उपयोग होतो. येथे वैद्य म्हणून एक शंका नोंदवणे आवश्यक आहे. जेन्शियनमधील तिक्त द्रव्ये बाष्पनशील नसल्याने ऊर्ध्वपातनात त्यांचा बहुतांश भाग मागेच राहतो. त्यामुळे या पेयाच्या दीपन-पाचन गुणाचे श्रेय तिक्त रसाला कितपत द्यावे, हा प्रश्नच आहे. आमच्या यजमानांना हे सांगताच ते हसले. त्यांच्या आजीने असा विचार कधी केला नव्हता.

परंतु आमचे लक्ष वेधले ते पेयाने नव्हे, मुळे खणण्याच्या रीतीने. ही वनस्पती तेथे संरक्षित आहे. खणण्याचा अधिकार दरवर्षी गावजत्रेच्या दिवशी चिठ्ठ्या टाकून ठरतो. तेरा कुटुंबांची नावे निघतात आणि प्रत्येकास १०० किलो मुळे खणण्याची मुभा मिळते. म्हणजे साऱ्या गावाला मिळून वर्षाकाठी १३०० किलो; त्यापुढे नाही. वनस्पतीच्या जागा, खणण्याची रीत आणि मुळांवरील प्रक्रिया यांच्या या ज्ञानाला २०१३ साली युनेस्कोच्या ऑस्ट्रियातील अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

त्या वर्षी आमच्या यजमानांच्या नावाची चिठ्ठी निघाली नव्हती. एका सकाळी ते आम्हांस वरच्या उतारावर घेऊन गेले. तेथे जेन्शियनबरोबरच व्हेराट्रम अल्बम ही विषारी वनस्पतीही वाढते, आणि दोहोंची पाने नवख्याला सारखीच दिसतात. जेन्शियनची पाने समोरासमोर असतात, व्हेराट्रमची एकाआड एक. हा भेद त्यांनी देठावर बोट ठेवून दाखवला. द्रव्यपरीक्षणाचा इतका नेमका पाठ आम्ही क्वचितच पाहिला असेल. पाहून झाल्यावर ते उठले आणि पुढे चालू लागले. जागा ठाऊक, अवजार घरी, माल कोणीही हौसेने घेईल असा. तरीही एकाही मुळाला हात लागला नाही, आणि त्यात आपण काही त्याग केला असे त्यांना वाटतही नव्हते.

आता आपल्याकडे वळू. आरोग्यवर्धिनीत इतर सर्व घटकांच्या एकत्रित वजनाइतकी कुटकी पडते. म्हणजे आपण लिहून दिलेल्या प्रत्येक गोळीत निम्मे वजन हिमालयातील एका संकटग्रस्त वनस्पतीच्या भूमिगत भागाचे असते. कुटकी व जटामांसी या दोहोंचा १९९७ साली साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला. कुष्ठ तर पहिल्या परिशिष्टात आहे. पान तोडले तर झाड राहते. मूळ उपटले की पुष्कळदा झाडच संपते.

कोणी म्हणेल, गाल्ट्यूरची तुलना येथे लागू नाही. तेथील माणूस मुळांवर पोट भरत नाही. उत्तराखंडातील वा हिमाचलातील खणणाऱ्याची चूल त्यावर पेटते. हा आक्षेप आम्हांस पूर्णतः मान्य आहे, आणि आमचा मुद्दा नेमका तेथूनच सुरू होतो. गाल्ट्यूरमध्ये खणणारा, वापरणारा आणि नियम करणारा हे तिघे एकाच गावचे आहेत. आपल्याकडे खणणारा हिमालयात, वापरणारा सांगली-नाशिकात आणि दोहोंमध्ये चार-पाच हात. अशा स्थितीत मर्यादा पाळण्याचे ओझे सर्वांत गरीब माणसावर टाकणे हे न्यायाचे नाही. ते विकत घेणाऱ्याने उचलले पाहिजे; म्हणजेच आपण. २०२३ च्या दुरुस्तीने जैवविविधता कायद्यात नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना आणि लागवडीच्या औषधी वनस्पतींना सवलती मिळाल्या. कायद्याचा हात सैल झाला की स्वतःचा हात आखडावा लागतो.

म्हणून संघटनेपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. कुष्ठ, कुटकी, जटामांसी व अतिविषा ही चार द्रव्ये फार्मसीचालकांनी लागवडीच्या उगमाचा दाखला पाहूनच घ्यावीत आणि अशा मालाला वाढीव भाव द्यावा. घासाघीस केल्यास चोरटा मालच स्वस्त ठरतो. भावप्रकाशाने अतिविषेच्या अभावी मुस्ता सांगितली आहे. चिकित्सकांनी प्रतिनिधी द्रव्यांचा हा मार्ग रुग्ण पाहून मोकळेपणाने वापरावा आणि व्यवस्थापत्रावर तसे स्पष्ट लिहावे. तिसरी सूचना सर्वांत कठीण आहे. हंगामापूर्वी प्रत्येक सभासद फार्मसीने या चार द्रव्यांचा आपला वार्षिक आकडा ठरवून संघटनेकडे नोंदवावा आणि वर्षअखेरीस तो ओलांडला की नाही, हे याच त्रैमासिकातून जाहीर व्हावे.

आकडा किती असावा यावर मतभेद होतील. ते अवश्य व्हावेत. परंतु आकडा असावा, आणि तो आपणच आपल्यावर घालून घ्यावा, याविषयी आगामी वार्षिक सभेत ठराव यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.