देणगीसोबत एक प्रश्नही

१९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला, तो शहरातील कापड उद्योगाची गरज ओळखून. वस्त्ररसायन हा तेथील आरंभीचा विषय. रंगरसायनाचे थोर अभ्यासक प्रा. के. वेंकटरामन यांनी तेथे संशोधनाची परंपरा रुजवली. माटुंग्याची ही संस्था पुढे ‘यूडीसीटी’ म्हणून नावारूपास आली. २००८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला. तेथील प्राध्यापकांनी कारखान्यांना सल्ला दिला, विद्यार्थ्यांनी कारखाने उभारले. गिरणीतील अडचण प्रयोगशाळेत आली, म्हणूनच हे घडले.

शिक्षणासाठी दान देताना आपल्या समाजाने हात कधी आखडता घेतला नाही. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या याची साक्ष देतात. परंतु देणगी देऊन परतणारा व्यापारी धंद्यातील अडचण मात्र पेढीवरच ठेवून येतो. साठवलेले धान्य का किडते, रंगकामाचे सांडपाणी कसे शुद्ध करावे, हे विद्यापीठात विचारण्यास संकोच कसला? उत्तर उधारीच्या मुदतीत मिळणार नाही; कधी प्रयोग फसेल, धीर धरावा लागेल. तथापि त्या प्रश्नातून एखाद्या विद्यार्थ्यास संशोधनाचा विषय मिळेल. कदाचित तो विद्यार्थी आपल्याच घरातील असेल, आणि शिकून पेढीवर परतताना उत्तरही घेऊन येईल.